मांडीवरचं सूप

ताई, तुमचं सूप मी घेऊन आले.

माती झाल्यावर तुमच्या भावाने नंदुरबारची खोली आवरायला काढली. कायद्याची जाड पुस्तकं त्याने खोक्यात भरली, टेबलफॅन आणि चर्चमधल्या गीतांचं पुस्तक बाजूला ठेवलं, आणि मला म्हणाला, "तुला यातलं काय पाहिजे ते घे, पोरी." मी कपाटामागे हात घातला आणि सूप ओढून काढलं. तो बघतच राहिला. "हे? अगं, याच्या विणीत सगळं तिखट बसलंय." मी म्हटलं, "बसू दे." एसटीत ते मांडीवर घेऊन बसले, तर शेजारची बाई शहाद्यापर्यंत शिंकत आली. तिने विचारलं, कुठून आणलंस हे? माझ्या मावशीचं, असं मी सांगितलं. तुम्ही माझ्या कोणी नव्हतात, हे एसटीत कुणाला आणि कसं समजावायचं?

तुमच्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या. 'महिला सक्षमीकरणासाठी झटणाऱ्या'. तुम्ही असतात तर त्या शब्दावर पेनाने आडवी रेघ मारली असती. "झटणाऱ्या म्हणजे नक्की काय करणाऱ्या? लिहायला सांगा." माझ्या प्रत्येक पत्रकावर तुम्ही हेच केलंत. म्हणून इथे तरी नक्की काय ते लिहिते. एस्तेरताई, तुम्ही बायकांना कंपनीच्या संचालक मंडळात बसायला शिकवत होतात. बसायला, याचा अर्थ अगदी बसायला. खुर्चीवर.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसले होते. मी चळवळीतल्या बापूंची मुलगी. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांना कव्हर उरलेल्या पत्रकांचं असायचं. शेतमजुरांच्या सभा, मोर्चे, बंदची हाक, या सगळ्यांच्या कागदांत गुंडाळलेलं गणित मी शिकले. अक्षरओळखही त्याच कागदांवर झाली. त्यामुळे कंपनी म्हटलं की माझ्या डोक्यात बंद फाटक उभं राहतं आणि आपण बाहेर घोषणा देत असतो. आमच्या पत्रकासाठी तुमच्या वर्गाची बातमी करायला आले ती याच डोक्याने. वाटलं होतं, साडी नीट नेसून, इंग्रजी बोलून बड्या लोकांत कसं मिसळायचं ते शिकवणारी कुणी शहरी बाई असेल.

खोलीत आले तर जुन्या जेवणाच्या टेबलाभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रत्येक बाईच्या मांडीवर सुकी लाल मिरची भरलेलं सूप. बायका मिरचीचे देठ खुडत होत्या. टेबलाच्या टोकाला तुम्ही, खांद्यावर पुरुषासारखा पंचा टाकून. मला वाटलं, चुकीच्या घरात शिरले. एवढ्यात तुम्ही खाकरून, खुर्ची मागे सरकवून झटकन उठलात, आणि सगळ्या बायका तुमच्याबरोबर उठल्या. मिरच्या जमिनीवर. खोलीभर तिखटाची धूळ. सगळ्या शिंकतायत, खोकतायत, पदराने डोळे पुसतायत आणि हसतायत.

"मंजूर!" तुम्ही ओरडलात. "तुम्ही सगळ्यांनी मंजूर केलंत. काय मंजूर केलं, ते माहितीये का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"मग भरा परत. आणि तुम्ही," माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "पाहुण्यांनी दारात उभं राहू नये. खुर्ची घ्या. सूप घ्या."

तुमच्या वर्गात सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं, हा नियम होता. सत्तरीच्या बाईला, विशीतल्या पोरीला, मला. जिना उतरायला लागलो की मी परत 'तू' आणि 'पत्रकवाली' व्हायची.

त्या सुपाची गोष्ट कल्पनावहिनींपासून सुरू झाली, हे मला नंतर कळलं. त्यांचं गाव तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, कारण वहिनींना तिथेच राहायचंय. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, मिरची आणि कापूस एकत्र विकायला. मिरचीची शेड बायकांनी उभी केली. वाळवणं, निवडणं, देठ खुडणं, पोती भरणं, सगळं त्यांचंच. संचालक मंडळात बाई असावी अशी सरकारी योजनेची अट होती, म्हणून दोघींची नावं घातली. एक कल्पनावहिनी, आणि दुसऱ्या वस्तीवरच्या जमनाबाई, ज्या घरी भिली बोलतात आणि मिटिंगमध्ये कुठलीच भाषा बोलत नव्हत्या. अध्यक्ष झाले वहिनींचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

आता इथली रीत अशी, की जेठ उभा असताना सून बसलेली राहत नाही. तो ओसरीवर आला की तिने उठायचं, पदर पुढे ओढायचा, बाजूला व्हायचं. हे कुणी शिकवत नाही, पाय आपोआप शिकतात. आणि अध्यक्षांची सवय अशी, की विषय वाचून झाला की खुर्चीतून उठायचं आणि म्हणायचं, "मग मंजूर ना?" ते उठले की वहिनी उठायच्या. वहिनी उठल्या की जमनाबाई उठायच्या. सेक्रेटरी लिहायचा, सर्वानुमते मंजूर.

असंच एकदा मंजूर झालं, की बायकांचा माल यापुढे त्यांच्या नावावर घ्यायचा नाही, घरातल्या कर्त्याच्या नावावर घ्यायचा. बायकांनी शेडवर वहिनींना घेरलं. तू होतीस ना आत? वहिनी रडत तुमच्याकडे आल्या. तुम्ही विचारलंत, विरोध का नाही केला? त्या म्हणाल्या, "ताई, ते उठनात तं मी कशी बठी ऱ्हाऊ? मन्हा जेठ शेतस ते."

तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी टेबलावर हात आपटला. रागाने नुसती फणफणले होते. अन्यायाच्या शंभर तऱ्हा मी वाचल्या होत्या, पण बाईच्या आदराने उठण्यालाच तिची संमती म्हणून मोजायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी म्हटलं, ही रीतच मोडली पाहिजे, गावात सभा घेऊ, नावं घेऊन लिहू. तुम्ही चहात बिस्किट बुडवत होतात. म्हणालात, "लिही. पण तोवर तिच्या पायांचं काय करायचं? ते तुझं पत्रक वाचत नाहीत."

आणि तुम्ही तिच्या मांडीवर सूप ठेवलंत. उठली की सांडणार. सांडलं की शिंका. पायांना दुसरं काही कळत नाही, मिरची कळते.

मला आठवतं, वहिनींना पहिल्यांदा जमलं तो दिवस. अध्यक्ष झाला होतात तुम्हीच. पंचा, खाकरणं, खुर्चीचा आवाज, अगदी हुबेहूब. तुम्ही उठलात. वहिनींचे गुडघे उठायला निघाले, सूप कललं, दोन-चार मिरच्या काठावर आल्या. हाताच्या शिरा दिसेपर्यंत त्यांनी सुपाच्या कडा धरून ठेवल्या. आणि त्या बसून राहिल्या. तुम्ही उभ्याच. मग जमनाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "आता बस ना ताई, तिचा जीव जाईल." आपण इतक्या हसलो की त्या हसण्यातच सूप सांडलं.

तुम्ही मला तुमचं फारसं काही सांगितलं नाहीत. नवापूरच्या डोंगरातलं घर, वडिलांची भाताची शेती, मिशनच्या शाळेतलं शिक्षण, आणि मग सुरतेच्या मोठ्या कंपनीत सेक्रेटरी म्हणून वर्षानुवर्षं नोकरी, एवढंच. मी कितीदा विचारलं, की सुरत सोडून इथे का आलात? एकदा प्रकाशाच्या पुलावर माझी स्कूटर बंद पडली तेव्हा तुम्ही सांगितलंत. मी प्लग पुसत होते आणि तुम्ही कठड्याला टेकून तापीकडे बघत होतात.

"तिथे संचालकांच्या त्या खोलीत मीच एकटी बाई असायचे," तुम्ही म्हणालात. "कोपऱ्यात बसून लिहायचे. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, सगळं मला दिसायचं. एकदा वस्तीजवळच्या नाल्यात कारखान्याचं पाणी सोडायचं ठरलं. एक म्हातारे संचालक नको नको म्हणत होते. बाकीचे घड्याळ बघत होते. शेवटी तेही गप्प झाले. आणि मी माझ्या अक्षरात लिहिलं, सर्वानुमते. माझ्याकडे पेन होतं, मत नव्हतं."

मी प्लग हातात धरून तशीच बसले होते. मग तुम्हीच म्हणालात, "झाली का गं सुरू? की आता स्कूटरविरुद्धही पत्रक काढणार?"

त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं, की ताई, तुमची ती सगळी वर्षं फुकट गेली नाहीत. तिथे बसून बघितलंत म्हणूनच तुम्हाला अध्यक्षांचं उठणं दिसलं. मला ते दिसलं नसतं. मी फाटकाबाहेर होते. एवढं साधं वाक्य. स्कूटर सुरू झाली आणि ते राहून गेलं.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तुम्ही सगळ्या वर्गाला घेऊन गेलात, तेव्हाही मी कुरकुरत होते. बायकांना वाटलं, सहल आहे. त्यांनी बांगड्या घेतल्या, भरीत-भाकरी खाल्ली. तुम्ही मात्र त्यांना सौदा चालला होता तिथे नेऊन उभं केलंत. घेणारा आणि विकणारा, दोघांचे हात एका रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरत होता. बाहेरच्याला काही दिसत नाही. मग रुमाल निघाला आणि दोघांनी मोठ्याने सांगितलं, झालं.

"बघितलं?" तुम्ही विचारलंत. "तुमच्या कंपनीची मिटिंग म्हणजे रुमाल काढणं. सौदा आधीच झालेला असतो. तुमचं बोट त्या रुमालाखाली गेलं पाहिजे. म्हणजे काय करायचं?"

वहिनी म्हणाल्या, "अजेंडा आधी मांगाना."

"शाबास. आणि?"

"एकेका संचालकाच्या घरी जाऊन आधी बोलायचं," कुणीतरी म्हणालं.

"शाबास. आणि?"

जमनाबाई घोड्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "घोड्याला कुणी विचारत नाही." तुम्ही त्यांचा हात धरलात आणि यात्रा फिरेपर्यंत सोडला नाहीत.

ताई, तुमची माझी भांडणं या सगळ्यातून वाहत होती. मी म्हणायची, एका बाईला खुर्चीवर बसवून काय होतं? शेडवरच्या बायकांना संघटित करा. तुम्ही म्हणायच्या, कर ना, मी कुठे अडवते. पण त्या बायका ज्या दारावर मोर्चा नेतील त्या दाराच्या आत त्यांचं एक माणूस असलं तर वाईट काय? मी म्हणायची, आत गेलेलं माणूस आतलंच होतं. तुम्ही म्हणायच्या, म्हणून तर दर मंगळवारी परत माझ्या वर्गाला यायचं. मी म्हणायची, पदर तरी काढायला लावा डोक्यावरून, जेठासमोर पदर घेऊन कसला विरोध? यावर तुम्ही चिडायच्या. "पदर तिचा, डोकं तिचं. तू तिला काय काढायला लावणार आणि ते काय घालायला लावणार, यात तिला मधे कुठे जागा आहे?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, पण तुम्ही नाही. मला अजून वाटतं की रीत वळसा घालून पार करता येत नाही. एक दिवस कुणाला तरी ती तोंडावर नाकारावी लागते, आणि त्याचा जो मार बसेल तो सगळ्यांनी मिळून खावा लागतो. तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही. गेलेल्या माणसाशी लगेच सहमत होणं मला लबाडी वाटते, आणि तुम्हालाही ती आवडली नसती.

शेवटचं भांडण शेडवरून झालं. गावात बोललं जात होतं की मिरचीची शेड एका व्यापाऱ्याला भाड्याने द्यायची. बायकांनी उभी केलेली शेड. मग त्याच शेडमध्ये त्याच बायका त्या व्यापाऱ्याकडे रोजाने देठ खुडणार. अजेंडा आला, त्यात चौथा विषय तोच. मी रातोरात पत्रक लिहिलं. अध्यक्षांचं नाव घेऊन, व्यापाऱ्याचं नाव घेऊन. बापूंना दाखवलं, ते म्हणाले, फर्मास झालंय. तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलंत, दोन ठिकाणी शुद्धलेखन नीट केलंत आणि घडी घालून परत दिलंत.

"मिटिंगनंतर वाट."

"नंतर? नंतर काय उपयोग? शेड गेल्यावर?"

"आधी वाटलंस तर गाव म्हणेल, कल्पनाने लिहवून घेतलं. मिटिंगच्या आधीच तिला घरात बसवतील. तू शहाद्याला जाशील. ती त्याच चुलीवर स्वयंपाक करणारे."

"म्हणून गप्प राहायचं?"

"गप्प कोण म्हणालं? तिला बोलू दे. तिचं तिला बोलू दे."

"आणि ती उठली तर? त्यांनी उठून मंजूर म्हटलं आणि तिचे पाय उठले तर?"

तुम्ही म्हणालात, "मी बाहेर बाकावर बसेन. खिडकीतून तिला दिसेन. आणि पुढच्या मंगळवारी आपण दोघी हे भांडू. आत्ता माझी छाती भरून आलीये, नीट भांडता येत नाहीये."

मला वाटलं, तिखटाने. तुमच्या खोलीत सगळ्यांचीच छाती भरून यायची.

तो मंगळवार आलाच नाही. रविवारी सकाळी चर्चला निघताना तुम्ही जिन्यात बसलात ते परत उठला नाहीत.

तुमच्या गावी, डोंगराच्या पायथ्याशी, आम्ही सगळ्या आलो होतो. वहिनी आणि जमनाबाई पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या होत्या. लोक गाण्याला उठायचे, प्रार्थनेला बसायचे, आणि त्या दोघी गोंधळून एकमेकींकडे बघायच्या, की आता उठायचं का बसायचं. वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "ताईनी आम्हले बसनं शिकाडं, आन् आते कोणले इचारू?" मला रडू फुटलं ते तेव्हा. पेटी खाली गेली तेव्हा नाही.

परतीच्या जीपमध्ये वहिनी म्हणाल्या की त्या मिटिंगला जाणार नाहीत. ताई नाहीत, बाहेर कोण बसेल? घरात आधीच कुजबुज होती. नवरा म्हणाला होता, दादाच्या तोंडी लागलीस तर वेगळं राहावं लागेल. त्या थकल्या होत्या, ताई. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा तसाच पडून होता. जमनाबाई पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाल्या, "ही पोरगी बसेल बाहेर." माझ्याबद्दल. मला न विचारता.

म्हणून मी बसले. कंपनीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर, निंबाखाली, जिथे तुम्ही बसणार होतात. पत्रकं पिशवीत होती. अध्यक्ष आले, मला बघून थांबले. वाईट बोलले नाहीत. "ताईनं लई वाईट झालं," म्हणाले. "चहा घेशी का?" मग सोबतच्या माणसाला, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमनी कल्पना घरनीच शे. तिले काय इचारानं?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. हे लिहिताना माझ्या हाताला जड जातंय, कारण माझ्या पत्रकात ते राक्षस आहेत.

खिडकी उघडी होती. आतलं सगळं दिसत होतं. वहिनी टेबलाच्या कडेला, पदर कपाळापर्यंत. शेजारी जमनाबाई. अध्यक्षांनी सुरुवात तुमच्यापासून केली. म्हणाले, आपल्या भगिनींना मार्गदर्शन करणाऱ्या एस्तेरताई आपल्यातून गेल्या, आपण दोन मिनिटं उभं राहू. सगळे उठले. वहिनी उठल्या. मीही बाकावरून उठले. बाहेर मी, आत त्या, सगळ्यांच्या माना खाली. मला बरंही वाटलं. वाटलं, काही झालं तरी यांनी तुमचा मान ठेवला.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि त्याच सुरात, त्याच हळू आवाजात म्हणाले, "ठीक. आता उभेच आहोत तर तो चार नंबरचाही विषय उरकून घेऊ. शेड भाड्याने देण्याचा. मंजूर ना सगळ्यांना?"

ताई, माझा हात पिशवीत गेला. खिडकीच्या गजाला तोंड लावून ओरडणारच होते. तुमच्याच श्रद्धांजलीला उभ्या राहिलेल्या बायकांची संमती मोजत होते ते. तुमचं मरण त्यांनी मतासाठी वर केलेल्या हातासारखं वापरलं. सेक्रेटरीने पेन टेकवलंसुद्धा.

आणि कल्पनावहिनी खाली बसल्या.

सगळे उभे असताना. जेठ उभे असताना. खुर्चीचा आवाज झाला तेवढाच. अध्यक्ष गोंधळले. त्यांनी आयुष्यात हे पाहिलं नव्हतं. म्हणाले, "अहो, श्रद्धांजली चालू आहे. ताईंचा तरी मान ठेवा."

वहिनींनी वर बघितलं नाही. टेबलाकडे बघत, लहान पण नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्रद्धांजली व्हई गई, अध्यक्षसाहेब. आते मिटिंग शे. चार नंबरले मन्हा विरोध शे. लिखा."

जमनाबाई धपकन बसल्या. "माझा पण. लिव्ह."

पुढे बराच आवाज झाला. कुणी म्हणालं, बायकांनी डोक्यावर मिऱ्या वाटल्या. कुणी म्हणालं, विचारायला काय हरकत होती आधी? एक म्हातारे संचालक, ज्यांच्या घरी वहिनी आधी जाऊन बोलून आल्या होत्या, ते काही न बोलता हळूच बसले. मग आणखी एक. सेक्रेटरी पेन धरून अध्यक्षांकडे बघत होता. शेवटी तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. शेड वाचली असं मी लिहिणार नाही. पुढची बैठक आहे, व्यापारी आहे, आणि वहिनींचं घर आहे. त्या दिवशी त्या घरी गेल्यावर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. सासूने मात्र ताट वाढून झाकून ठेवलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं.

माझं पत्रक मी वाटलं. मिटिंगनंतर, तुम्ही म्हणाला होतात तसं. फक्त एक परिच्छेद बदलला. राक्षस काढला, आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं. ते वाचून बायका शेडवर एकत्र बसल्या, बैठकीची तयारी हे तुमचं काम आणि संघटना हे माझं, दोन्ही त्या एकाच दिवशी करत होत्या. यावर आपण भांडलो असतो, कुणाचं आधी आणि कुणाचं नंतर. पदराचं भांडणही शिल्लक आहे. वहिनींनी तो शेवटपर्यंत काढला नाही, आणि मला तो अजूनही खुपतो.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. मिटिंग संपल्यावर वहिनी बाहेर आल्या, निंबाखाली माझ्या शेजारी बसल्या. मी विचारलं, कसं काय बसलात हो? त्या स्वतःच्या मांडीकडे बघत होत्या.

"काय माहीत," म्हणाल्या. "मांडीवर सूप शे, असंच वाटनं माले."

खिडकीतून मी ते बघितलं होतं, ताई. म्हणून हे सगळं लिहिलं. त्या बसल्या तेव्हा मांडीवर काहीच नव्हतं, तरी दोन्ही हात तिथेच होते, बोटं थोडी वाकलेली, जशी सुपाची कड धरताना वाकतात तशी. अध्यक्ष पूर्ण उंचीने समोर उभे होते. आणि एकही मिरची सांडली नाही.